जाळी विरळ, प्रश्न नेमका

शहराचा एक चौरस किलोमीटरचा तुकडा घ्या, त्यावरची पाचशे मीटर उंचीपर्यंतची हवा धरा आणि तिचे एकेक घनमीटरचे कप्पे पाडा. कप्पे होतात ५० कोटी. प्रत्येक कप्प्यात वाऱ्याच्या वेगाचे तीन घटक, दाब, तापमान, आर्द्रता आणि खळबळीचे एक-दोन आकडे ठेवायचे. काळाच्या प्रत्येक पावलाला शेजारच्या कप्प्यांशी त्यांचा मेळ घालून ते पुन्हा मोजायचे. एवढे करूनही कंपाउंडची भिंत, गॅलरीचा कठडा किंवा रस्त्याकडेचा गुलमोहर या हिशेबात धड दिसत नाही. म्हणून कप्प्याची बाजू निम्मी करावी, तर संख्या आठपट होऊन ४०० कोटींवर जाते. कप्पा लहान झाला की काळाची पावलेही आखूड टाकावी लागतात, त्यामुळे एकूण काम सोळापट वाढते. शहरातला वारा आणि उष्मा संगणकावर मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाची या गणिताशी फार लवकर गाठ पडते.

हे पुस्तक त्या गणितातून वाट काढण्याविषयी आहे. कप्प्यांची जाळी कुठे दाट ठेवावी, कुठे विरळ करावी आणि कुठे ती ठेवूच नये, हा त्याचा विषय. वरवर पाहता हे संगणकाच्या वेळेची काटकसर करण्याचे तंत्र वाटेल, आणि बरीच मंडळी ते तसेच शिकतात. या पुस्तकाची भूमिका वेगळी आहे. जाळी किती हलकी करता येईल याचे उत्तर यंत्राच्या ताकदीतून निघत नाही, ते विचारलेल्या प्रश्नातून निघते. प्रश्न धूसर असेल तर माणूस सगळीकडेच बारीक कप्पे पेरत सुटतो.

नव्या वाचकासाठी थोडे मुळापासून सांगतो. हवेच्या हालचालीची समीकरणे नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली. एखाद्या गल्लीसाठीसुद्धा ती कागदावर सुटत नाहीत, म्हणून अवकाशाचे तुकडे पाडून तुकड्यागणिक जमाखर्च मांडायचा: किती हवा आली, किती गेली, किती उष्णता राहिली. कप्प्याहून लहान जे काही घडते ते या जमाखर्चात दिसत नाही आणि त्याची भरपाई एखाद्या सूत्राने करावी लागते. कोळी जसा हव्या त्या माशाच्या मापाने जाळ्याचा आस ठरवतो, तसा इथे कोणता भोवरा पकडायचा आणि कोणता सूत्राच्या हवाली करायचा हे कप्प्याच्या मापाने ठरते. विरळ जाळी म्हणजे अधिक सूत्रे, आणि प्रत्येक सूत्र म्हणजे एक गृहीतक. जाळी विरळ करायला हरकत नाही, मात्र त्या गृहीतकाची जबाबदारी घ्यावी लागते.

या विद्येचे दोन झरे वेगवेगळ्या डोंगरांतून आले. पहिला निरीक्षणाचा. लूक हॉवर्ड या रसायनांच्या कारखानदाराने १८१८ ते १८२० या काळात लंडनच्या हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शहरातल्या रात्री आसपासच्या खेड्यांपेक्षा उबदार असतात हे नोंदींनिशी दाखवले. त्यामागची कारणे नीट उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. कॅनडातले टी. आर. ओक यांनी अरुंद रस्त्यांच्या भिंतींत अडकणारे प्रारण, बांधकामात साठणारी उष्णता आणि ओल्या, हिरव्या जमिनीच्या अभावी घटलेले बाष्पीभवन यांचा हिशेब मांडला. इमारतींची उंची आणि रस्त्याची रुंदी यांचे प्रमाण बदलले की वारा रस्त्यात उतरतो किंवा छपरांवरून घसरत निघून जातो, हेही त्यांच्या १९८८च्या मांडणीमुळे नगररचनाकारांच्या भाषेत आले.

दुसरा झरा आकडेमोडीचा. लुईस फ्राय रिचर्डसन याने १९२२ साली हवामानाचे भाकीत अंकगणिताने करण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्याच्या जाळीचे चौकोन सुमारे दोनशे किलोमीटरचे होते. २० मे १९१० या एका दिवसासाठी हाताने केलेल्या मोजणीत सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. दोष मुख्यतः सुरुवातीच्या नोंदींतल्या असमतोलाचा होता. जाळी कितीही चांगली असो, तिच्या कडेला आणि आरंभाला जे भरले जाते त्यावर उत्तर उभे असते, हा धडा शहराच्या कामात रोज उपयोगी पडतो. पुढे १९२८ मध्ये कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी कप्प्याचे माप आणि काळाचे पाऊल यांचा संबंध सिद्ध केला. ढोबळ अर्थ असा की एका पावलात वाऱ्याने कप्पा ओलांडून जाता कामा नये. आरंभी सांगितलेल्या सोळापट कामाचे मूळ इथे आहे.

दरम्यान इमारतींचे अभियंते वाऱ्याचे उत्तर वातबोगद्यात शोधत होते. १९६०च्या दशकात कोलोरॅडोत जॅक सर्माक आणि कॅनडात ॲलन डॅव्हनपोर्ट यांनी जमिनीलगतचा खडबडीत, उंचीनुसार वाढत जाणारा वारा बोगद्यात उभा केला. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे बांधण्याआधी त्यांच्या प्रतिकृतींची अशीच परीक्षा झाली. बोगदा आजही संगणकी उत्तराचा परीक्षक म्हणून टिकून आहे.

संगणकी बाजूला मोठी उडी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात झाली आणि तिथे एक पुणेकर होता. पुण्यात जन्मलेले, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले आणि पुढे आयआयटी मुंबईत शिकलेले सुहास पाटणकर यांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर १९७२ मध्ये ‘सिंपल’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचा, प्रत्येक कप्प्यात आवक-जावक जुळते का पाहायचे, आणि जुळत नसेल तेवढी दुरुस्ती दाबात करायची, असे तिचे सूत्र. शहरी वाऱ्याच्या कित्येक संगणकप्रणालींच्या पोटात आजही ही पद्धत किंवा तिची भावंडे चालतात. पाटणकरांचे १९८०चे पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले. त्याच इंपीरियल परंपरेतून १९७४ मध्ये लाँडर आणि स्पाल्डिंग यांचे खळबळीचे ‘के-एप्सिलॉन’ प्रारूप रूढ झाले. टोकियोत शुझो मुराकामी यांच्या गटाने ते इमारतींभोवती वापरून पाहिले आणि वारा भिंतीवर जिथे आदळतो तिथे हे प्रारूप खळबळ भलतीच वाढवून सांगते हे दाखवले. ही चूक सूत्रातच असल्यामुळे कप्पे बारीक करून जात नाही. जाळी दाट केली म्हणजे उत्तर खरे होईल या भाबड्या समजुतीला तो पहिला मोठा धक्का होता.

या अनुभवातून नियम तयार झाले. युरोपातल्या ‘कॉस्ट ७३२’ या सहकार्याने २००७ मध्ये आणि जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेने २००८ मध्ये मार्गदर्शिका काढल्या. इमारतीच्या एका बाजूला किमान दहा कप्पे असावेत, माणसाच्या उंचीवरचा वारा जमिनीपासून तिसऱ्या किंवा त्यावरच्या कप्प्यात मोजावा, महत्त्वाच्या भागात शेजारच्या कप्प्यांच्या मापांत १.३ पटीहून अधिक फरक नसावा, आणि उत्तर जाळीवर अवलंबून नाही हे वेगवेगळ्या जाळ्या वापरून दाखवावे, असा त्यांचा सारांश. हे नियम किमान मर्यादा सांगतात. त्या पाळून जाळी कशी हलकी ठेवायची हे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असते.

आज यावर चार-पाच पंथ आहेत. पहिला पंथ इमारतींच्या अंगाला चिकटून जाणाऱ्या जाळीचा. ॲमस्टरडॅमच्या फुटबॉल स्टेडियमवरील व्हॅन हूफ आणि ब्लॉकन यांच्या २०१०च्या कामात जमिनीवरचा आराखडा आधी कप्प्यांत वाटून तो थर-थर वर ओढला आहे. प्रत्येक कप्प्यावर माणसाचा ताबा राहतो, कप्पे वाया जात नाहीत. मेहनत मात्र फार. दुसरा पंथ चौकोनी ठोकळ्यांचा. जर्मनीतल्या ‘एन्व्ही-मेट’ आणि हॅनोव्हरच्या ‘पाम’ या प्रणालींत शहर ठोकळे रचून उभे केले जाते. जाळी क्षणात तयार होते, हिशेब वेगाने चालतो. पण तिरकी भिंत पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि तिचे क्षेत्रफळ वाढते. वाऱ्याला ते एकवेळ चालते, उन्हाच्या हिशेबाला चालत नाही. तिसरा पंथ भिंत जाळीत बुडवून टाकणारा. हृदयातल्या रक्तप्रवाहासाठी चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ मध्ये काढलेली ही कल्पना. जाळी चौकोनीच राहते आणि भिंतीचा परिणाम समीकरणात बलाच्या रूपाने घातला जातो. चौथा पंथ ‘ओपनफोम’सारख्या खुल्या प्रणालींमुळे फोफावला. आधी जाड ठोकळे, मग इमारतीजवळ येता येता प्रत्येकाचे आठ तुकडे, त्यांचे पुन्हा आठ.

या चौथ्या मार्गाने आरंभीचे गणित पुन्हा मांडून पाहू. मधल्या ३०० बाय ३०० मीटरच्या मोहल्ल्यात ४० मीटर उंचीपर्यंत एक मीटरचे कप्पे ठेवले तर ते ३६ लाख होतात. भोवतीच्या ६०० बाय ६०० मीटरच्या भागात १०० मीटर उंचीपर्यंत दोन मीटरचे कप्पे धरले तर सुमारे ४० लाख. उरलेल्या हवेत चार मीटरचे, सुमारे ७२ लाख. बेरीज दीड कोटीच्या आत. रस्त्यालगतचे थर अर्ध्या मीटरचे केले तरी काही लाखांचीच भर पडते. ५० कोटींचे दीड कोटी झाले, आणि ज्या मधल्या मोहल्ल्याविषयी विचारले होते तिथले काहीही हरवले नाही. हरवले ते दूरच्या एखाद्या टेरेसमागचे वळण, आणि त्याविषयी कुणी विचारलेच नव्हते.

पाचवा पंथ सर्वांत धाडसी आहे. तो म्हणतो, दूरच्या इमारती काढूनच टाका. त्यांच्या जागी जमिनीचा खडबडीतपणा वाढवा, किंवा त्या भागातल्या हवेला विरोध करणारे एक पद समीकरणात घाला. झाडांसाठी हे सर्रास केले जाते, कारण पानापानाची जाळी करणे अशक्य. हवामानाच्या मोठ्या प्रारूपांत संपूर्ण शहर असेच आटवलेले असते. व्हालेरी मासों यांचे २०००चे प्रारूप सगळ्या रस्त्यांना एका सरासरी घळीचे रूप देते. आकारच सोपा करणे, म्हणजे कठडे, पाण्याच्या टाक्या, छपरांचे उतार गाळणे, ही याच पंथाची घरगुती शाखा. मोठ्या प्रारूपाच्या पोटात लहान आणि त्याच्या पोटात आणखी लहान बसवण्याची रीत या सगळ्यांना जोडते.

वाऱ्यापुरते एवढे पुरते. उष्णता आली की हिशेब बदलतो, आणि या पुस्तकाचे वेगळेपण मला तिथेच अधिक जाणवते. वाऱ्याला कप्पे हवेत कोपऱ्यांशी, इमारतींमधल्या फटींत आणि त्यांच्या मागच्या पट्ट्यात. उष्णतेला हवेत पृष्ठभाग आणि वेळ. प्रत्येक पृष्ठभाग प्रत्येक दुसऱ्या पृष्ठभागाकडे प्रारण टाकतो. तुकडे एक लाख असतील तर जोड्या १,००० कोटी. तेच तुकडे समान उन्हाचे, समान रंगाचे गट पाडून पाच हजारांवर आणले तर जोड्या अडीच कोटींवर येतात. वाऱ्याची जाळी तशीच ठेवून प्रारणाची जाळी वेगळी आणि जाड करता येते. काँक्रीटमध्ये दिवसभराच्या उन्हाची लाट दहा-पंधरा सेंटीमीटरच आत शिरते, म्हणून भिंतीच्या आत त्रिमितीय जाळी न करता प्रत्येक तुकड्यामागे एका रेषेत चार-पाच थर पुरतात. काळाचेही तसेच. वारा सेकंदाच्या अंशांत बदलतो, भिंत तासांत तापते. एका तासाचा वारा स्थिर धरून भिंतीचे तापमान पुढे नेण्याची युक्ती पुष्कळदा खपते. दुपारी वारा पडला आणि तापलेल्या भिंतींलगतची हवाच रस्त्यातला प्रवाह हाकू लागली की ती खपत नाही. ही सीमा ज्या आकड्याने ओळखतात त्याला रिचर्डसनचेच नाव आहे.

जाळी हलकी केल्यावर तिची परीक्षा घ्यावीच लागते. एकाच पटीने बारीक होत जाणाऱ्या तीन जाळ्या घ्यायच्या आणि उत्तर कुठे स्थिरावते ते पाहायचे. त्यातून चूक किती असेल हे अजमावण्याची रीतही रिचर्डसनचीच, आणि पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये तिला आजचे प्रमाणित रूप दिले. भोवरे थेट मोजणाऱ्या प्रणालींत हे इतके सरळ नाही, कारण जाळी बदलली की सूत्राच्या वाट्याला जाणारा भागही बदलतो आणि दोन उत्तरांची तुलना दोन वेगळ्या प्रश्नांची तुलना होऊन बसते. शेवटचा शब्द मोजमापाचा. रॉटरडॅमच्या बर्गपोल्डर झाउड या वस्तीचे प्रतिरूपण जुलै २००६च्या उष्ण लाटेतल्या उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठतापमानाशी ताडून पाहिले गेले. अशी उदाहरणे अजून कमी आहेत.

हे आताच का हवे? लीड्समधल्या ब्रिजवॉटर प्लेस या ११२ मीटर उंच इमारतीच्या पायथ्याशी २०११ साली वाऱ्याने एक ट्रक उलटून पादचाऱ्याचा जीव गेला. पुढे तिथे वारा अडवणारे पडदे बसवावे लागले. लंडन शहराच्या प्रशासनाने २०१९ मध्ये उंच इमारतींसाठी वाऱ्याच्या अभ्यासाची नियमावली काढली. उष्णतेचा हिशेब याहून मोठा आहे. २००३च्या उन्हाळ्यात एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले. यंत्रांची ताकद वाढते आहे हे खरे. टोकियोतल्या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास दहा किलोमीटर चौरसाचे शहर एक मीटरच्या जाळीत बसवले, तेव्हा सुमारे ५,२८५ कोटी कप्पे आणि चार हजारांवर जीपीयू लागले. पण रस्त्यावरचा वारा वर्षभर कसा राहील हे सांगायला एक दिशा पुरत नाही. बारा-सोळा दिशा लागतात. उष्म्यासाठी दिवसाचे चोवीस तास लागतात, आणि झाडे लावली तर काय, छपरे पांढरी केली तर काय, असे पर्यायही तपासावे लागतात. एका दिशेच्या अतिबारीक चित्रापेक्षा सोळा दिशांची पुरेशी चांगली चित्रे निर्णयाला अधिक उपयोगी. हलकी जाळी हवी ती याच कारणासाठी. यंत्राला शिकवून क्षणात उत्तर काढणाऱ्या नव्या पद्धतीही अशाच प्रतिरूपणांवर शिकतात, म्हणून जाळीतले दोष त्यांच्यातही उतरतात.

यंत्राची जाळी आणि गल्लीतला प्रश्न यांतले अंतर आपल्याकडे आणखी मोठे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देते. देशाच्या दृष्टीने ती मोठी झेप आहे, पण दादरपासून वांद्र्यापर्यंतचे शहर तिच्या एका कप्प्यात सहज मावते. त्या कप्प्याच्या आत काय घडते हा महापालिकेचा, वास्तुरचनाकाराचा आणि रहिवाशाचा प्रश्न. तो सगळीकडे एकसारखाही नाही. मुंबईच्या दमट उकाड्यात घाम वाळवणारी झुळूक हाच दिलासा, म्हणून तिथे समुद्रावरून येणारा वारा गल्लीत कुठवर शिरतो हे नेमके कळायला हवे आणि बारीक कप्पे त्या वाटेवर खर्चावे लागतील. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवा त्वचेहून तापलेली असते. तिथला वारा स्वतःच उष्णता आणतो आणि आधी सावली लागते. तिथे हवेची जाळी बरीच विरळ चालेल; पृष्ठभाग, झाडांची छत्री आणि सूर्याचा कोन यांत कंजुषी चालणार नाही. एकच तयार जाळी दोन्हीकडे लावणारा अभ्यास निदान एका ठिकाणी तरी चुकीच्या जागी काटकसर करणार.

हे पुस्तक अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वास्तुरचनाकार आणि नगररचना खात्यातले अधिकारी अशा तिघांना समोर ठेवून लिहिले आहे. कोणत्याही एका संगणकप्रणालीची बटणे ते शिकवत नाही, कारण बटणे दर वर्षी बदलतात. गणित आवश्यक तेवढेच आहे आणि ते प्रत्येक वेळी एखाद्या निर्णयाला बांधलेले आहे: हा कप्पा काढला तर कोणता आकडा किती हलेल? घरच्या संगणकावर रात्रभरात होणाऱ्या प्रतिरूपणांवर त्याचा भर आहे. महासंगणक हाताशी असलेल्या वाचकाला काही भाग सावध वाटतील. जागोजागी लेखक गृहीतके लिहून काढायला लावतात आणि काय गाळले याची यादी उत्तराइतकीच मोलाची मानतात. मराठीत हा विषय मांडताना ‘मेश’, ‘सेल’, ‘रन’ हे कामावरचे शब्द त्यांनी निःसंकोच ठेवले आहेत, तेही बरे केले.

निळ्यापासून लालपर्यंतच्या रंगांत रंगवलेली शहरांची चित्रे आता प्रकल्प अहवालांत आणि जनसुनावण्यांत सर्रास दिसतात. ती पाहणाऱ्याला तीन गोष्टी विचारता आल्या पाहिजेत: माणसाच्या उंचीखाली किती कप्पे आहेत, जाळी बदलल्यावर उत्तर किती बदलले, आणि मोजलेल्या कोणत्या आकड्याशी ते ताडले. पुस्तक वाचून संपवणाऱ्याला हे प्रश्न तर विचारता येतीलच, शिवाय समोरून आलेले उत्तर पुरेसे आहे की नाही हेही पारखता येईल. माझ्या मते ते वाचण्याचे एवढे कारण पुरे आहे.